लक्ष्मीबाईंनी उतरवलेली पोथी



श्रुतपंचमी येते तेव्हा आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर पाऊस दाराशी असतो. पापड-मसाले डब्यांत भरायचे असतात आणि त्याच घाईत मंदिरातल्या ग्रंथांची वेष्टनंही बदलायची असतात, कारण इथली दमट हवा कागदाला सोडत नाही. चौरंगावर आपण षट्खंडागमाचे १६ छापील भाग मांडतो. हे भाग छापले जाऊ नयेत असं म्हणणारेही आपल्याच समाजात होते, हे किती जणींना माहीत आहे?

आज आपल्यातल्या बऱ्याच जणी मोबाईलवर कथा, अनुभव लिहितात. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी संपादकाकडे खेटे नाहीत, छपाईचा खर्च नाही. पण खातं आपलं असलं तरी जागा कंपनीची. काय चालेल आणि काय काढून टाकलं जाईल, हे तिच्या अटी ठरवतात. म्हणूनच मला मूडबिद्रीची गोष्ट जुनी वाटत नाही.

मूडबिद्री आपल्याच समुद्राच्या खालच्या अंगाला, मंगळूरजवळ आहे. धवला, जयधवला आणि महाबंध यांची ताडपत्रं तिथे जुन्या कन्नड लिपीत होती. यात्रेकरूंनी दर्शन घ्यायचं, हात जोडायचे आणि परत यायचं. वाचणं नाही. मुंबईचे शेठ माणिकचंद १८८३ मध्ये तिथे गेले आणि परत आल्यावर त्यांनी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींना हे सांगितलं. हिराचंद म्हणजे ‘जैनबोधक’ काढणारे. धर्मग्रंथ छापले तर अविनय होतो, असं म्हणणाऱ्यांचा विरोध पत्करूनही ते छपाईच्या बाजूने उभे राहिले होते. (शाईत चरबी असते ही तक्रार तेव्हा इतरांचीही होती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरली, असं सांगतात.)

ग्रंथ उतरवून घ्यायला परवानगी मिळाली, पण प्रत मूडबिद्रीबाहेर न्यायची नाही, या अटीवर. काम १८९६ ते १९२२ चाललं. २६ वर्षं आणि जवळपास वीस हजार रुपये. मी कॉमर्सवाली, त्यामुळे हा आकडा वाचून थांबलेच. त्या काळचे वीस हजार, आणि हाती आलेली प्रत पुन्हा कुलपातच!

उतरवणाऱ्यांत मिरजेचे पंडित गजपती उपाध्याय होते. नागरी प्रत करता करता त्यांनी गुपचूप एक कन्नड प्रतही करून घेतली. त्यात मोठा हात त्यांच्या पत्नीचा, लक्ष्मीबाईंचा होता. त्या विदुषी होत्या. हे ग्रंथ लोकांनी वाचावेत, शिकवावेत, अशी त्यांची तीव्र इच्छा होती. ग्रंथ प्रचंड. एकट्या धवलेचं प्रमाण ७२ हजार श्लोकांचं सांगतात. घरचं सगळं सांभाळून ती बाई अक्षरामागून अक्षर उतरवत बसली असेल.

ही प्रत घेऊन गजपती सोलापूरला हिराचंदांकडे आणि मुंबईला माणिकचंदांकडेही गेले. दोघांनी ती घेतली नाही. ज्यांनी या कामासाठी पैसा उभा केला, तेच नको म्हणाले, कारण दिलेला शब्द मोडून आलेली वस्तू घेणं त्यांच्या नीतीत बसत नव्हतं. अचौर्य व्रत घेतलेल्या माणसाने दुसरं काय करावं? त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण लक्ष्मीबाईंना चोर म्हणायलाही माझी जीभ वळत नाही. शेवटी सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती प्रत घेतली. तिथे नागरी प्रत करणाऱ्या सीताराम शास्त्रींनीही स्वतःपुरती एक ठेवून घेतली! त्यावरून झालेल्या प्रती आरा, कारंजा, अमरावतीपर्यंत पोहोचल्या, आणि अमरावतीत प्रा. हिरालाल जैन यांनी १९३९ मध्ये पहिला भाग छापला.

इथे बायकांनी नीट लक्ष द्यावं असं काही घडलं. पहिल्या भागातलं ९३वं सूत्र मनुष्यिणींच्या गुणस्थानांविषयी आहे. हाती आलेल्या प्रतींत ‘संजद’, म्हणजे संयत, हे पद नव्हतं. अर्थ पाहता ते इथे असायला हवं, अशी तळटीप संपादकांनी दिली. त्यावरून गदारोळ झाला, कारण स्त्रीला संयत गुणस्थान म्हटलं की स्त्रीमुक्तीचा प्रश्न उभा राहतो, आणि दिगंबर परंपरेला ती मान्य नाही. संपादकांचं म्हणणं होतं की इथे भावस्त्री अभिप्रेत आहे, सिद्धांताला कुठेही बाधा येत नाही. पुढे मूडबिद्रीची ताडपत्रं ताडून पाहिली, तर पद तिथे होतं. तरीही ग्रंथ ताम्रपटावर कोरण्याच्या वेळी ते ठेवायचं की गाळायचं, यावरून वाद पेटलाच.

एका पदासाठी एवढं, कारण ते बाईबद्दल होतं, असं मला वाटतं. संपादकांनी ते स्वतःच्या मनाने मूळ सूत्रात घुसडलं नाही आणि ओरड्याला घाबरून तळटीपही सोडली नाही. लिहिणाऱ्याचं स्वातंत्र्य मला त्या बारीक टायपातल्या ओळीत दिसतं.

लक्ष्मीबाईंच्या हातची प्रत कुणाच्या नावावर गाजली नाही. हिरालालजींनी मात्र पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत त्यांचं नाव नोंदवलं आहे. यंदा वेष्टन बदलताना तो भाग उघडून बघा.