नशीब निवडून आणलेली माणसं

नशीब हा शब्द अरबी आहे हे आता कुणाच्या लक्षातही येत नाही. नसीब म्हणजे वाटा. किस्मत म्हणजेही वाटणी. तकदीर म्हणजे मापून ठरवलेलं. आपल्या घरांत हे तिन्ही शब्द दिवसातून चारदा येतात, आणि बहुतेक वेळा विषय संपवायला येतात. माझ्या आपाची शाळा नववीत सुटली. ती वर्गात पहिल्या पाचात असायची. 'का?' असं तिने विचारलं तेव्हा घरातल्या मोठ्यांकडून तिला एका शब्दाचं उत्तर मिळालं. त्या शब्दाशी माझं भांडण आहे, आणि ते जुनं आहे.

म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या इस्लामबद्दल वाचताना योरुबा भाषेतला 'कादारा' हा शब्द दिसला तेव्हा मी थांबलो. अर्थ नशीब. मूळ अरबी कदर, म्हणजे आपल्या तकदीरचंच मूळ. योरुबा लोक आजच्या नायजेरियाच्या नैऋत्य भागात आणि शेजारच्या बेनिनमध्ये राहतात. त्यांच्यात मुसलमानही मोठ्या संख्येने आहेत आणि ख्रिस्तीही. एकाच घरात दोन्ही असणं तिथे नवलाचं नाही. इस्लाम तिथे उत्तरेकडून, मालीच्या बाजूच्या व्यापाऱ्यांबरोबर आणि आलिमांबरोबर आला, आणि मुसलमानाला ते 'इमाले' म्हणू लागले. त्याबरोबर अरबी शब्दही आले. दुआ म्हणजे प्रार्थना, तिचं 'आदुरा' झालं. वाज म्हणजे प्रवचन, त्याचं 'वासू' झालं. आज चर्चमधला पाद्रीही आदुरा करतो आणि वासू देतो. तसाच कादारा.

पण हा शब्द यायच्या आधीही त्यांच्याकडे नशिबाला शब्द होता : 'इपिन'. त्याचा अर्थ पाहिला आणि हसूच आलं. इपिन म्हणजे वाटा.

वाटा कुणी दिला, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे गावोगावी लोक मानत आले की बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. ते कुणाला वाचता येत नाही. आमच्या आजीच्या पिढीतल्या मुसलमान बायकाही छटी करायच्या. मौलाना नाराज व्हायचे, बायका ऐकायच्या नाहीत. पण सटवाई काय किंवा दुसरं कुणी काय, बाळाला कोण विचारतं? लिहिणारा लिहितो. योरुबांची परंपरा इथे वेगळं सांगते. वाटा तुम्ही स्वतः निवडलेला असतो.

त्यांच्या जुन्या श्रद्धेत माणूस असा घडतो : ओबाताला शरीर घडवतो, सर्वोच्च ईश्वर ओलोदुमारे त्यात प्राण घालतो, आणि मग ते नवं माणूस आजाला नावाच्या कुंभाराच्या घरी जातं. आजाला डोकी घडवतो. 'ओरी' म्हणजे डोकं. मात्र हे दिसणारं डोकं नव्हे, आतलं. त्याला 'ओरी इनू' म्हणतात, आतलं डोकं. जे डोकं उचलाल ते तुमचं नशीब. निवड गुडघे टेकून होते, म्हणून नशिबाच्या एका भागाला 'आकुन्लेयान' म्हणतात : गुडघ्यावर बसून निवडलेलं. दुसऱ्या भागाला 'आकुन्लेग्बा' : गुडघ्यावर बसून मिळालेलं. निवडलेलं आणि मिळालेलं असे दोन शब्द ज्या भाषेने वेगळे ठेवले, तिथे या प्रश्नावर पिढ्यानपिढ्या विचार झालेला असणार.

आजाला हा कुंभार म्हणून निष्णात आहे, पण माणूस म्हणून बेभरवशाचा. कर्जबाजारी. घेणेकरी आले की छपरात जाऊन लपतो. त्याची काही डोकी नीट भाजलेली, काही कच्ची, काहींना तडे. वरून सगळी सारखीच दिसतात. ईफाच्या मौखिक परंपरेत तीन मित्रांची एक गोष्ट आहे, वांदे आबिंबोला या अभ्यासकाने ती विस्ताराने मांडली आहे. ओरिसेकू, ओरिलेमेरे आणि आफुवापे पृथ्वीवर यायला निघतात. पहिले दोघे आजालाच्या घरी पोचतात तर तो जागेवर नाही. वाट कोण पाहणार? दिसायला चांगली डोकी उचलतात आणि निघतात. वाटेत पाऊस लागतो, कच्ची डोकी झिजतात. पुढे जन्मभर दोघांनी मेहनत केली, पण कमाई त्या झिजलेल्या डोक्यांची डागडुजी करण्यातच गेली.

आफुवापे मागे राहिलेला, कारण तो आधी बापाकडे गेला होता. बापाने ईफाचा कौल लावून त्याला मीठ आणि कवड्या बरोबर घ्यायला सांगितलं. वाटेत एक द्वारपाल रश्श्यात मिठाऐवजी राख घालताना दिसला. आफुवापेने त्याला मीठ दिलं. त्या बदल्यात द्वारपालाने आजालाच्या कर्जाची गोष्ट सांगितली. आफुवापेने जाऊन घेणेकऱ्याचे पैसे चुकते केले, तेव्हा आजाला छपरातून खाली उतरला आणि त्याने स्वतः डोकी ठोकून पाहून एक पक्कं डोकं त्याला काढून दिलं. पाऊस त्यालाही लागला. डोकं टिकलं.

ही गोष्ट मला फार आवडली, आणि थोडी खुपलीही. आफुवापेचा बाप ओरुन्मिला आहे, ईफाचा देवच. ज्याचा बाप जाणकार त्याला चांगलं डोकं मिळतं, ही गोष्ट आपल्यालाही ठाऊक आहे. त्यासाठी पुराण लागत नाही. पण ओरिसेकू आणि ओरिलेमेरे यांना कुणी 'तुमच्या नशिबातच नव्हतं' म्हणत नाही. त्यांनी घाई केली असं म्हणतात.

निवड झाली की माणूस पृथ्वीच्या वेशीवर येतो. तिथला राखणदार त्याचं नशीब ऐकून मुक्रर करतो, आणि ओलांडताना माणूस सगळं विसरतो. इथे मला सूरह अल-अअराफमधला तो करार आठवला : आदमच्या संततीला जन्माआधी प्रश्न विचारला गेला आणि सगळ्यांनी साक्ष दिली. तीही आपल्याला आठवत नाही. फरक असा की आपण तिथे रबला ओळखल्याची साक्ष दिली, योरुबा माणसाने स्वतःचा वाटा निवडला. आपण विसरलेल्याची आठवण द्यायला नबी येतात. योरुबा परंपरेत त्या निवडीचा एक साक्षीदार मानलेला आहे, तोच ओरुन्मिला. त्याचं बिरुदच 'एलेरी इपिन', वाट्याचा साक्षीदार. बाळ जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच आईबाप ईफाकडे विचारणा करत, हे पोर काय निवडून आलं आहे. स्वतःला ओळखणं याचा योरुबा अर्थ हा : विसरलेलं पुन्हा माहीत करून घेणं.

काही मुलं तर नावही घेऊन येतात. पालथं जन्मलेलं बाळ आजायी. जुळ्यांतला आधीचा ताइवो, नंतरचा केहिंदे. आईबापांनी ठेवायच्या आत ही नावं ठरलेली असतात. योरुबात त्यांना स्वर्गातून आणलेली नावं म्हणतात.

ओरीची पूजाही होई. कवड्यांनी मढवलेलं शंकूच्या आकाराचं एक छोटं घर, 'इले ओरी', म्हणजे डोक्याचं घर. ते त्या एका माणसाचं असे आणि तो गेला की मोडून टाकत. तुमच्या ओरीच्या संमतीशिवाय कुठलीही देवता तुमचं भलं करू शकत नाही असं ते मानतात. शिवाय चांगलं डोकं पुरत नाही. 'एसे' म्हणजे पाय, म्हणजे मेहनत. पाय चालले नाहीत तर डोकं बसून राहतं. आणि 'इवा', म्हणजे स्वभाव, वागणूक, ती बिघडली तर उत्तम नशीबही नासतं.

मुसलमान म्हणून ओरीची पूजा मला मान्य होणार नाही हे उघड आहे. कौल लावून गैबचं ज्ञान मिळतं हेही नाही. पण इथे एक गंमत आहे. ईफाचा पुजारी 'बाबालावो' सोळा ताडबिया एका हातातून दुसऱ्या हातात घेतो. मागे दोन उरल्या तर पाटावरच्या भुकटीत एक रेघ काढतो, एक उरली तर दोन. चार-चार रेघांच्या सोळा आकृत्या होतात. दोन-दोन जोडून २५६. हीच सोळा आकृत्यांची मांडणी अरबांच्या इल्म अल-रमलमध्ये आहे, वाळूत रेघा ओढून भविष्य पाहण्याची विद्या. मराठीत आपण जिला रमल म्हणतो तीच. इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'त तिची चांगलीच हजेरी घेतली आहे, तरी ती सहारा ओलांडून गेली. ईफा तिच्यातूनच आली असं काही विद्वान म्हणतात. बाबालावो म्हणतात, ओरुन्मिलाने ती इले-इफेला आणली. ईफाच्या सोळा मुख्य अध्यायांपैकी ओतुरा मेजी या एकात तर मुसलमानच येतात. म्हणजे मौलवी तिकडे ईफाला नावं ठेवत होते आणि ईफा मौलवीला आपल्या पुराणात जागा देत होती.

इथवर वाचून सगळं गोड वाटेल. एकोणिसाव्या शतकाची सुरुवात तशी नाही.

योरुबांचं मोठं राज्य ओयो. त्याचा सेनापती आफोंजा १८१७च्या सुमारास इलोरिनहून राजाविरुद्ध उठला. सोबतीला त्याने आलिमी नावाच्या फुलानी आलिमाला घेतलं. ओयोत गुलाम असलेले उत्तरेकडचे मुसलमान मालकांना सोडून या फौजेत आले. इथपर्यंत ही मुक्तीची गोष्ट आहे. पुढे त्याच फौजा गावं लुटू लागल्या आणि माणसं विकू लागल्या. आफोंजाही शेवटी त्यांच्याच हातून मारला गेला, आणि आलिमीचा मुलगा अब्दुल सलाम इलोरिनचा अमीर झाला.

१८२१मध्ये ओसोगुन या गावावर हल्ला झाला. हल्लेखोरांत फुलानी आणि ओयोचे मुसलमान होते. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आई आणि भावंडांसह पकडला गेला. त्याचं नाव आजायी, म्हणजे पालथा जन्मलेला. एकदा त्याचा सौदा घोड्याच्या बदल्यात झाला. हातोहात विकला जात तो लागोसला पोचला आणि पोर्तुगीज जहाजावर चढवला गेला. एप्रिल १८२२मध्ये ब्रिटिश नौदलाने ते जहाज अडवून त्याला सिएरा लिओनला सोडवलं. हाच पुढचा सॅम्युएल आजायी क्राउदर, १८६४मध्ये अँग्लिकन चर्चचा बिशप झालेला पहिला आफ्रिकी, योरुबा बायबलचा अनुवादक. त्याचे चरित्रकार सांगतात की जन्मानंतर बाबालावोने कौल दिला होता : याला कुठल्याही देवतेला वाहू नका, हा थेट ओलोरुनचा, म्हणजे ईश्वराचा सेवक होणार.

त्याला कुणी पकडलं हा भाग आपल्याकडच्या 'आफ्रिकेत इस्लामचा प्रसार' छापाच्या पुस्तिकांत मी कधी वाचलेला नाही. पकडणाऱ्यांत कलमा वाचणारे होते. त्यांनीही 'कादारा' म्हटलं असेल का? विकणाऱ्याला हा शब्द फार सोयीचा असतो.

क्राउदर सुटला. हजारो सुटले नाहीत. त्या लढायांत सगळ्याच बाजूंचे लोक पकडले गेले, मुसलमानही, आणि ब्राझीलच्या बाहिया प्रांतात सल्वादोर शहरात जाऊन पडले. तिथे योरुबांना 'नागो' म्हणत आणि मुसलमानांना 'माले', त्याच इमालेवरून. ते एकमेकांना अरबी अक्षरं शिकवत, आयतींचे तावीज लिहीत, रोजे ठेवत. २४ जानेवारी १८३५च्या रात्री, हिजरी १२५०च्या रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत, त्यांनी उठाव केला. हे दहा दिवस लैलतुल कद्रचे. कद्र आणि कादारा एकाच धातूचे. बेत पहाटेचा होता, पण आदल्या संध्याकाळी फुटला, आणि गुलाम व मुक्त केलेले मिळून सुमारे ६०० लोक रात्रीच रस्त्यावर उतरले. सत्तरहून अधिक मारले गेले. चौघांना मे महिन्यात गोळ्या घातल्या. शेकडोंना चाबूक, तुरुंग, हद्दपारी. झडतीत सापडलेले अरबी कागद बाहियाच्या अभिलेखागारात आजही आहेत. जोआओ जोझे रेइस या इतिहासकाराने खटल्यांच्या कागदांवरून हा सगळा उठाव उभा केला आहे.

त्या कागदांत पासिफिको लिकुतान नावाचा एक म्हातारा भेटतो. नागो, गुलाम, आणि शहरातल्या मालेंचा आलिम. उठावाच्या रात्री तो तुरुंगात होता. गुन्हा काही नव्हता. मालकाने कर्ज फेडलं नाही म्हणून त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि लिकुतान त्या मालमत्तेत मोडत होता. शिष्यांनी पैसे गोळा करून त्याला दोनदा सोडवायचा प्रयत्न केला होता, मालकाने विकायला नकार दिला. आजालाचं कर्ज फेडणाऱ्या आफुवापेला डोकं मिळालं. इथे पैसे तयार असूनही दार उघडलं नाही. सकाळी पकडलेल्या लोकांना तुरुंगात आणू लागले, तेव्हा त्याने मान खाली घातली ती वर केली नाही, अशी साक्ष आहे.

पुढे न्यायाधीशांपुढे उभं केल्यावर त्याने आपलं नाव बिलाल असं सांगितलं. प्रेषितांचा (स.) पहिला मुअज्जिन, तोही गुलाम होता, हे त्या खोलीत बहुधा त्याला एकट्यालाच ठाऊक असावं. न्यायाधीश म्हणाले, तुझं नाव लिकुतान आहे. तो म्हणाला, लिकुतान म्हणतात हे खरं, पण मी मला हवं ते नाव घेऊ शकतो.

त्याला चाबकाची शिक्षा झाली. खटल्याच्या कागदांत नाव पासिफिको लिकुतान असंच आहे.