संचय-साधनाची अनुपलब्धता (लिनक्स)

संगणक सुरू झाल्यावर डिस्क किंवा तिचा विभाग फाइल-वृक्षाला न जोडला गेल्याने त्यातील माहिती वापरता न येण्याची स्थिती (→ परिचालन प्रणाली, फाइल प्रणाली).

डिस्क जोडणारी ‘माउंट’ ही आज्ञा युनिक्समध्ये १९७१ पासून आहे. कोणता विभाग कुठे जोडायचा याची नोंद ठेवणारी ‘एफएसटॅब’ फाइल ४.० बीएसडी या आवृत्तीत (१९८०) आली. लिनक्सने तीच पद्धत घेतली (→ युनिक्स).

या फाइलच्या प्रत्येक ओळीत सहा रकाने असतात. पहिल्यात ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे लिहिल्यास धोका असतो. ही नावे साधने सापडण्याच्या क्रमाने मिळतात. त्यामुळे आजची ‘एसडीबी’ पुढच्या वेळी ‘एसडीसी’ होऊ शकते. म्हणून तेथे विभागाचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक देतात. मात्र विभाग नव्याने फॉरमॅट केल्यास तोही बदलतो, आणि फाइलमधील जुना क्रमांक तसाच राहतो. नोंदवलेले साधन न सापडल्यास ‘सिस्टमडी’ ही संगणक सुरू होताना सेवा चालू करणारी प्रणाली सामान्यतः ९० सेकंद वाट पाहून आणीबाणी स्थितीत जाते. ‘नोफेल’ पर्याय लिहिलेला असल्यास संगणक त्या साधनाविना सुरू होतो.

निदानात ‘एलएसबीएलके’ या आज्ञेने साधन दिसते का हे आधी पाहतात. न दिसल्यास केबल, वीजपुरवठा व कर्नलच्या नोंदी (‘डीमेसेज’) तपासतात. दिसल्यास ‘बीएलकेआयडी’ने त्याचा यूयूआयडी ‘एफएसटॅब’मधील नोंदीशी पडताळतात. ‘एफएससीके’ ही दुरुस्ती-आज्ञा जोडलेल्या विभागावर चालवल्यास माहितीची हानी होऊ शकते. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ (संगणक पूर्ण बंद न करता जलद सुरू करण्याची सोय) चालू असल्यास विंडोजच्या एनटीएफएस फाइल प्रणालीचा निर्दोष विभागही लिनक्समध्ये लेखनासाठी जोडला जात नाही (→ विदा पुनर्प्राप्ती).