दूरच्या ग्रहावरील काळे पाणी

अंदमानच्या सेल्युलर जेलचा नकाशा पहिल्यांदा हाती आला, तेव्हा बराच वेळ मी त्याकडे पाहत बसलो. मधोमध मनोरा, त्याभोवती सात इमारती. प्रत्येक इमारतीतील कोठड्यांची तोंडे शेजारच्या इमारतीच्या पाठीकडे. हेतू हा, की कैद्याला कैदी दिसू नये. हे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळातले. त्यामागची कल्पना मात्र जुनी.

१८२९ साली फिलाडेल्फियात ‘ईस्टर्न स्टेट’ हा तुरुंग सुरू झाला. क्वेकर विचारांच्या प्रभावाखालील सुधारकांची श्रद्धा अशी, की माणूस पुरता एकटा पडला की अंतर्मुख होतो आणि अपराधाच्या जाणिवेने शुद्ध होतो. कोठडीच्या छताला झरोका. बाहेर नेताना कैद्याचे तोंड झाकलेले. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्सने हा तुरुंग पाहिला आणि मनाशी चाललेला हा खेळ शरीराच्या छळाहून वाईट असल्याचे मत नोंदवले.

विज्ञानकथेने हीच कोठडी आकाशात नेली. तिथे अंतर हीच भिंत. आपणही ‘काळे पाणी’ म्हणताना मधल्या समुद्राचेच नाव घेतो.

रॉड सर्लिंग यांच्या ‘द ट्वायलाइट झोन’ मालिकेतील ‘द लोन्ली’ हा भाग नोव्हेंबर १९५९ मध्ये दाखवला गेला. खुनाबद्दल पन्नास वर्षांची शिक्षा झालेला कॉरी एका ओसाड लघुग्रहावर एकटा आहे. आपण स्वसंरक्षणासाठी मारले, असे तो म्हणतो. एकांताने त्याला पश्चात्ताप होत नाही. तो फक्त झिजतो. अस्वस्थ होतो तो शिधा घेऊन येणारा कॅप्टन ॲलनबी. तो नियम मोडून त्याला स्त्रीरूपी यंत्रमानव आणून देतो. पुढे माफी मिळते, पण यानात तिला जागा नसते; तेव्हा तिच्यावर गोळी झाडणाराही ॲलनबीच.

कॉर्डवेनर स्मिथ यांच्या ‘अ प्लॅनेट नेम्ड शेओल’ (१९६१) या कथेत कैद्यांच्या अंगावर जादा अवयव उगवतात आणि ते कापून औषधोपचारासाठी पाठवले जातात. हे काम करणारा बैलवंशी रखवालदार बिडिकाट मनाने दयाळू आहे. एके दिवशी शिक्षा म्हणून निरपराध मुले येतात. ती पाहून तो ढसाढसा रडतो, आणि तिथूनच ती व्यवस्था मोडू लागते.

कैद्यांनाच पश्चात्ताप झाल्याचे उदाहरणही आहे. डेव्हिड फिंचर यांच्या ‘एलियन ३’ (१९९२) चित्रपटात फायोरिना या ग्रहावरील काही गुन्हेगार तुरुंग बंद होत असतानाही स्वेच्छेने तिथेच राहतात. पण ते एकेकटे नाहीत. त्यांचा धर्म, प्रार्थना, एकमेकांवरची नजर, सारे सामूहिक आहे. म्हणजे अपराधाची कबुली द्यायलाही समोर कुणीतरी लागते. एकांतवासाच्या पुरस्कर्त्यांनी नेमके तेच काढून घेतले होते. ईस्टर्न स्टेटमधील ती पद्धत १९१३ मध्ये अधिकृतपणे बंद झाली.

हल्ली तो नकाशा उघडला की कोठड्यांआधी मला मधला मनोरा दिसतो. तिथे पहारा देणाऱ्याच्या मनात रात्री काय चालत असेल, हा प्रश्न इतिहासाने कमी आणि या कथांनी अधिक विचारला, असे मला वाटते.