बक्कल सांगतं, चाकरी कुणाची

आपल्याकडं पोलीस शिपायाचा नंबर आजही 'बक्कल नंबर' म्हणूनच ओळखला जातो. फिर्यादीत नावापुढं 'ब.नं.' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. आज मात्र बोलायचंय जर्मनीतल्या बक्कलांबद्दल. तिथं सैनिकच नव्हे, तर पोलीस, पोस्टमन, रेल्वेवाले, अग्निशमनवाले सगळ्यांच्या पट्ट्याला बक्कल असायचं. आणि ते नीट वाचलं तर साल सापडतं.

आधी बघायचा मुकुट. बक्कलवर राजमुकुट असेल तर नमुना बहुधा १९१८ च्या आधीचा, कारण त्या नोव्हेंबरात कैसर गेला. प्रशियाच्या सैन्याचं 'गॉट मिट उन्स', म्हणजे 'देव आमच्यासोबत', हे १८४७ पासूनचं. बव्हेरियाचं घोषवाक्य वेगळं, 'इन ट्रॉय फेस्ट'. पहिल्या महायुद्धात पितळ दारूगोळ्याला लागायला लागलं, म्हणून १९१५ पासून करड्या रंगाची पोलादी बक्कलं आली. धातू बघूनसुद्धा टंचाई कळते ती अशी!

पोस्टाच्या वस्तूंवर तुतारी, रेल्वेच्या वस्तूंवर पंखाचं चाक. पण खातं कळलं म्हणून काळ कळत नाही. त्यासाठी गरुड बघायचा. १९१९ नंतरच्या प्रजासत्ताकाचा गरुड बिनमुकुटाचा. त्या राज्यघटनेच्या कलम १३० मध्ये स्पष्ट होतं, की सरकारी नोकर हा सगळ्या जनतेचा सेवक, एका पक्षाचा नव्हे. पुढं ७ एप्रिल १९३३ ला नाझींनी कायदा केला आणि ज्यू व विरोधी विचाराच्या नोकरांना घरी बसवलं. कायद्याचं नाव काय, तर 'नोकरशाहीची पुनर्स्थापना'! ऑगस्ट १९३४ पासून शपथ घटनेची नाही, थेट हिटलरच्या नावाची. पोलिसांच्या बक्कलवर स्वस्तिक आलं, 'गॉट मिट उन्स' मात्र तसंच राहिलं. देव तोच, धनी बदलला.

आता मागची बाजू. खूप लोक ती बघतच नाहीत, आणि फसतात. 'डीआरजीएम' असा शिक्का असेल तर वस्तू १८९१ नंतरचीच, कारण त्या नोंदणीचा कायदाच त्या सालचा. ल्युडेनशाइड हे गाव बटणं-बक्कलांसाठी प्रसिद्ध. आसमान, ओव्हरहॉफ हे कारखाने तिथलेच. काही बक्कलांना मागं चामड्याची पट्टी असते, तिच्यावर कारखान्याचं नाव आणि सालही छापलेलं मिळतं. अर्थात पट्टी बदलता येते, हे विसरू नका. खरं बक्कल बहुतेक ठशानं दाबलेलं असतं, म्हणून मागं नक्षीचा उलटा खळगा दिसतो. ओतीव, खरबरीत पाठ दिसली की खिशातला हात खिशातच ठेवा.

१९४५ नंतर दोन जर्मन्या झाल्या, बक्कलंही दोन. पूर्वेकडं हातोडा, कंपास आणि कणसं. पश्चिमेच्या सैन्याकडं गरुड आणि 'ऐक्य, न्याय, स्वातंत्र्य'. स्वस्तिक उघड मिरवायला तिथं दंडविधानाचं कलम ८६-अ आडवं येतं. अभ्यास, संशोधनाला सूट आहे.

पण मला विचाराल तर सगळ्यात बोलकी बक्कलं म्हणजे युद्धानंतर स्वस्तिक कानशीनं घासून काढलेली. पट्टा तोच, गरुडही तोच, फक्त पायाखाली एक गुळगुळीत डाग.