तळटीप: लुटीचा परवाना आणि जखमींची पेन्शन

मजकुरात आलेले नरडाणा आज धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात, ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेमार्गावर आहे. मजकुरातला काळ मात्र रेल्वेच्या कितीतरी आधीचा, होळकरशाही-शिंदेशाही पेंढाऱ्यांचा. पेंढाऱ्याला पगार नसे; पालपट्टी नावाचा कर भरायचा आणि लुटीवर पोट भरायचे. त्याने कोणाला लुटले याची झडती सरकार घेत नसे, आणि तो जायबंदी झाला तर त्याला वालीही नसे.

त्याच सुमारास अमेरिकेने खासगी जहाजांना शत्रूची जहाजे पकडण्याचे परवाने दिले, पण अटींनी बांधून घेऊन. १८१२च्या कायद्यानुसार मालकाला ५,००० डॉलरचा जामीन द्यावा लागे, दीडशेहून अधिक माणसे असली तर १०,००० डॉलरचा. लुटीच्या निव्वळ रकमेतले शेकडा दोन जखमींसाठी आणि मेलेल्यांच्या बायकामुलांसाठी वेगळे निघत. कोणाला कुठे, किती जखम झाली हे कप्तानाने रोजनिशीत नोंदवायचे. पेन्शनच्या दाव्याला तीच नोंद उपयोगी पडे.

पडलेल्या शिपायाच्या मुलांना बालपरवेशी, म्हणजे पोटगी, देण्याची चाल मराठी राज्यातही होती. पेंढारी तिच्याबाहेर राहिला, आणि मला हाच खरा दोष वाटतो. लुटीवर जगणाऱ्यांना बांधून घेणे याच मुलखात पुढे भिल्लांच्या बाबतीत घडले: १८१८नंतर खानदेशात ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल नाईकांना घाटांच्या राखणीबद्दल नेमणुका बांधून दिल्या. १८२५मध्ये औट्रम या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. पलटणीआधी याच भिल्लांवर फौजा धाडल्या गेल्या होत्या, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. — संपादक