श्रुतलेखन, संगणकीय

मनुष्याने सांगितलेला मजकूर मायक्रोफोनद्वारे ग्रहण करून त्याचे लिखित अक्षरांत रूपांतर करण्याची पद्धती. ज्या शास्त्रशाखेवर ती आधारलेली आहे, तिला वाक्-अभिज्ञान असे म्हणतात. वरिष्ठाने मजकूर सांगावा, लघुलेखकाने तो उतरून घ्यावा व नंतर टंकलिखित करावा, ही व्यवस्था विसाव्या शतकातील कचेऱ्यांत सर्वत्र रूढ होती. हे काम यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न त्याच शतकाच्या मध्यास सुरू झाले आणि १९९० नंतर त्यासाठीच्या आज्ञावली घरगुती संगणकावर येऊ लागल्या. त्यांपैकी कोणती निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता किंमतीचा व अचूकतेचा वाटतो. परंतु या आज्ञावलींचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, ग्राहकाला प्रत्येक टप्प्यावर खरी निवड करावी लागली ती कोणती गैरसोय पत्करावयाची याची.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ मध्ये ‘ऑड्री’ हे यंत्र तयार झाले. ते शून्य ते नऊ हे अंक ओळखीत असे, पण ज्याच्या आवाजाशी ते जुळवून घेतले असेल त्याच्याच तोंडून. आयबीएम कंपनीने १९६२ च्या सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात ‘शूबॉक्स’ हे १६ शब्द ओळखणारे यंत्र मांडले. या प्रगतीने सर्वांचे समाधान झाले नाही. बेल प्रयोगशाळेतीलच जॉन पिअर्स यांनी १९६९ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात पत्र लिहून या संशोधनावर कठोर टीका केली. भाषेचे व विषयाचे ज्ञान नसलेले यंत्र केवळ ध्वनीवरून सर्वसाधारण संभाषण ओळखू शकणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. या टीकेनंतर बेलमधील संशोधन काही काळ थंडावले. पिअर्स यांचा निष्कर्ष निराशावादी असला, तरी त्यांचे निदान बरोबर होते, असे आज म्हणावे लागते.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने १९७१ ते १९७६ या काळात झालेल्या प्रकल्पात कार्नेगी-मेलन विद्यापीठाच्या ‘हार्पी’ या प्रणालीने १,०११ शब्दांचा संग्रह असलेली सलग वाक्ये ओळखून दाखविली. या विद्यापीठातील संशोधनाचे नेतृत्व मूळचे आंध्रमधील असलेले राज रेड्डी यांच्याकडे होते. त्यांना पुढे १९९४ मध्ये ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. तेथेच जेम्स बेकर यांनी १९७५ मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधात प्रच्छन्न मार्कोव्ह प्रतिमान या गणिती साधनाचा उपयोग केला. त्याच सुमारास आयबीएममध्ये फ्रेडरिक जेलिनेक यांच्या गटाने व्याकरणाचे नियम यंत्राला शिकविण्याऐवजी संभाव्यतेच्या हिशेबावर भर दिला. या गटाची १९८० नंतरच्या दशकातील प्रणाली २०,००० शब्द ओळखीत असे. तिचे नाव ‘टँगोरा’ असे होते आणि ते ॲल्बर्ट टँगोरा या जगप्रसिद्ध वेगवान टंकलेखकाच्या नावावरून ठेवलेले होते. ज्याचे काम काढून घ्यावयाचे त्याचेच नाव यंत्राला द्यावे, यातील विनोद तेव्हा कोणाच्या लक्षात आला होता की नाही, कोण जाणे.

कार्यतत्त्व : मायक्रोफोनमधून आलेल्या ध्वनीचे सु. एक शतांश सेकंदाच्या अंतराने तुकडे पाडून प्रत्येकातील निरनिराळ्या कंप्रतांचे प्रमाण मोजले जाते. हे तुकडे भाषेतील कोणत्या उच्चारांशी जुळतात, त्या उच्चारांतून संग्रहातील कोणते शब्द तयार होऊ शकतात आणि त्या शब्दांपैकी कोणता शब्द मागील दोन शब्दांनंतर येण्याचा संभव अधिक आहे, असा तिहेरी हिशेब करून सर्वाधिक संभाव्य शब्दमाला निवडली जाते. ‘दिन’ व ‘दीन’ यांच्या उच्चारांत यंत्राला फरक करता येत नाही. पण आधी ‘प्रजासत्ताक’ हा शब्द आला असेल, तर पहिल्या शब्दाचे पारडे जड होते. म्हणजे यंत्र ऐकते त्यापेक्षा अधिक अंदाज बांधते. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. संग्रहात नसलेला शब्द, उदा., एखादे आडनाव किंवा गावाचे नाव, उमटूच शकत नाही. त्याच्या जागी जवळचा दुसरा शब्द येतो. आणि यंत्राची चूक ही नेहमी शुद्ध लिहिलेल्या शब्दाच्या रूपात येते, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीला ती सापडत नाही. टंकलेखकाची चूक डोळ्याला खुपते. यंत्राची चूक शोधण्यासाठी मजकूर अर्थ लावीत पुन्हा वाचावा लागतो.

घरगुती संगणकावरील आगमन : जेम्स बेकर व त्यांच्या पत्नी जॅनेट बेकर यांनी १९८२ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यात ड्रॅगन सिस्टिम्स ही कंपनी काढली. तिची ‘ड्रॅगनडिक्टेट’ ही आज्ञावली १९९० मध्ये विक्रीस आली, तेव्हा किंमत सु. ९,००० डॉलर होती. ती वापरताना प्रत्येक शब्दानंतर क्षणभर थांबावे लागे. शब्द उच्चारला की पडद्यावर पर्यायांची छोटी यादी येई व चुकीचा शब्द उमटला असल्यास यादीतील क्रमांक सांगून तो बदलता येई. अशा तुटक बोलण्याने विचारांची साखळी तुटते आणि दिवसभर बोलल्यास घशावर ताण येतो, अशा तक्रारी होत्या. तरीही तिचा एक निष्ठावंत वर्ग होता : हातांना पक्षाघात झालेले, अपघातात बोटे गमावलेले आणि कळफलकाच्या अतिवापराने मनगटाच्या वेदना जडलेले लोक. त्यांना मजकूर सांगण्याइतकेच संगणक सुरू ठेवणे, फाइल उघडणे, पडद्यावरील बाण हलविणे हेही आवाजानेच करावयाचे होते आणि या आज्ञावलीत ती सोय होती.

जून १९९७ मध्ये याच कंपनीने ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ ही आज्ञावली आणली. हीत न थांबता बोलता येत असे. किंमत ६९५ डॉलर होती आणि घरगुती संगणकाला १३३ मेगॅहर्ट्‌झचा पेंटियम प्रक्रियक व ३२ मेगॅबाइट स्मृती पुरेशी होती. पाठोपाठ त्याच वर्षी आयबीएमची ‘व्हायाव्हॉइस’ बाजारात आली, तिच्यापाठोपाठ बेल्जियममधील लर्नाउट अँड हाउस्पी कंपनीची आज्ञावली आली, आणि किंमती झपाट्याने उतरल्या. आयबीएमने त्याआधीच १९९६ मध्ये आपल्या ‘ओएस/२ वॉर्प ४’ या परिचालन प्रणालीत श्रुतलेखनाची सोय अंतर्भूत केली होती. डोक्यावर बसविण्याचा मायक्रोफोन नॅचरलीस्पीकिंगच्या खोक्यातच मिळे आणि अचूकता बरीचशी त्याच्या दर्जावर व तोंडापासूनच्या अंतरावर अवलंबून असे. प्रथम वापरणाऱ्याला पडद्यावरील उतारे मोठ्याने वाचून आपल्या आवाजाची ओळख यंत्राला करून द्यावी लागे. ही अट २००६ मधील नवव्या आवृत्तीत शिथिल झाली.

सलग बोलण्याची सोय ही निःसंशय मोठी मजल होती. पण ज्यांना या साधनाची गरज सर्वांत अधिक, त्यांच्या दृष्टीने नवी आज्ञावली आरंभी उणीच ठरली. हातांचा मुळीच उपयोग न करता संपूर्ण संगणक चालविण्याची सोय तिच्या पहिल्या आवृत्त्यांत जुनीइतकी परिपूर्ण नव्हती. त्यामुळे सुदृढ ग्राहक नव्या आज्ञावलीकडे वळत असताना अनेक अपंग वापरकर्ते जुन्या, तुटक बोलावे लागणाऱ्या आज्ञावलीलाच धरून राहिले. वृत्तपत्रांतील तुलनात्मक परीक्षणांत शेकडा अचूकतेचे आकडे असत. ही बाब त्यांतून क्वचितच कळे.

त्या आकड्यांविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. शंभरात ९५ शब्द बरोबर येणे ऐकावयास उत्तम वाटते. परंतु ४०० शब्दांच्या एका पानात त्याचा अर्थ २० चुका असा होतो. आयबीएमच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात त्या वेळच्या तीन प्रमुख आज्ञावली नवशिक्या व्यक्तींना वापरावयास दिल्या होत्या. समोरचा मजकूर उतरविण्याच्या कामात, चुका दुरुस्त करण्याचा वेळ धरून, बोलून मिनिटाला सु. १४ शब्द झाले, तर कळफलकावर सु. ३३. बोलण्याचा वेग टंकलेखनाच्या कितीतरी पट असूनही असे झाले, कारण वेळ दुरुस्तीत जात होता. चुकलेला शब्द पुन्हा उच्चारावा, यंत्राने पुन्हा तीच चूक करावी, असे फेरे होत. म्हणून आज्ञावली निवडताना ती किती चुका करते यापेक्षा चूक दुरुस्त करणे किती सोपे आहे, हे पाहणे अधिक शहाणपणाचे होते व आजही आहे. वैद्यकीय व कायदेविषयक कामात या पद्धतीला लवकर यश आले, याचेही कारण हेच. क्ष-किरणतज्ञाच्या अहवालात शब्द अवघड असले तरी मोजके असतात व ठराविक क्रमाने येतात. तेथे अंदाज सहसा फसत नाही.

एकाधिकार व त्याचे परिणाम : लर्नाउट अँड हाउस्पी कंपनीने २००० मध्ये ड्रॅगन सिस्टिम्स विकत घेतली. मोबदला समभागांच्या रूपाने दिला गेला. त्याच वर्षी या कंपनीच्या हिशेबांतील गैरव्यवहार उघडकीस आले, नोव्हेंबरमध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि बेकर दांपत्याच्या हाती आलेले समभाग कवडीमोल झाले. तंत्रज्ञान स्कॅनसॉफ्ट कंपनीकडे गेले. तिच्याकडेच २००३ मध्ये व्हायाव्हॉइसच्या विक्रीचे हक्क आले आणि २००५ मध्ये तिने न्युआन्स हे नाव धारण केले. चार-पाच पर्यायांतून निवड करू शकणाऱ्या ग्राहकापुढे थोड्याच वर्षांत विकत घेण्याजोगा एकच प्रमुख पर्याय उरला. परिचालन प्रणालीसोबत फुकट मिळणारा दुसरा पर्याय २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आला. मायक्रोसॉफ्टने तो डिसेंबर २०२३ मध्ये कालबाह्य ठरविला. न्युआन्सने मॅकिन्टॉश संगणकावरील ड्रॅगन २०१८ मध्ये बंद केली, तेव्हा आपली शब्दसूची व आज्ञा वर्षानुवर्षे जमवून तीवर उपजीविका चालविणाऱ्यांना नव्याने आरंभ करावा लागला. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२२ मध्ये न्युआन्स कंपनीच विकत घेतली.

दूरस्थ संगणकांकडे स्थलांतर : न्यूरल नेटवर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कृत्रिम चेताजालांचा वाक्-अभिज्ञानात यशस्वी उपयोग २००९ ते २०१२ या काळात टोराँटो विद्यापीठ व काही मोठ्या कंपन्या यांच्या संशोधनातून झाला आणि चुकांचे प्रमाण एकदम घटले. स्टॅनफर्ड व इतर संस्थांतील संशोधकांनी २०१६ मध्ये केलेल्या चाचणीत मोबाइल फोनवर इंग्रजी मजकूर बोलून लिहिण्याचा वेग टंकनाच्या सु. तिप्पट आढळला. १९९९ च्या निष्कर्षाच्या हे नेमके उलट आहे. मात्र येथे तुलना फोनच्या इवल्या कळफलकाशी होती, हे विसरून चालणार नाही.

या सुधारणेची किंमत वेगळ्या प्रकारे द्यावी लागली. पूर्वीच्या आज्ञावली संपूर्णपणे घरच्या संगणकावर चालत. नव्या पद्धतीत ध्वनी इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो व तेथून मजकूर परत येतो. ॲपलने २०१२ मध्ये मॅकिन्टॉशवर दिलेली सोय अशीच होती. पुढील वर्षी तिला घरच्या घरी चालणारा पर्याय जोडण्यात आला. वकील, वैद्य किंवा खाजगी रोजनिशी लिहिणारा मनुष्य यांच्या दृष्टीने हा भेद गौण नाही. ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये खुली केलेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली स्वतःच्या संगणकावर चालविता येते आणि ती ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकविलेली आहे. तिच्यात मात्र एक नवीनच दोष आढळला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात सु. एक टक्का ध्वनिखंडांच्या लेखनात वक्त्याने मुळीच न उच्चारलेली वाक्ये उमटल्याचे दिसून आले. जुनी यंत्रे चुकीचे ऐकत. हे यंत्र प्रसंगी न ऐकताच लिहिते.

मराठी श्रुतलेखन : नॅचरलीस्पीकिंगसारख्या आज्ञावली इंग्रजी व इतर मोजक्या भाषांपुरत्या होत्या, मराठीपुढील अडचण केवळ दुर्लक्षाची नव्हती. इंग्रजीत ३०,००० शब्दांचा संग्रह घरगुती वापरास पुरतो. मराठीत ‘घर’ या एका शब्दाची घराला, घरातून, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्यांनाही अशी कितीतरी जोडरूपे होतात आणि यंत्राच्या लेखी त्यांतील प्रत्येक स्वतंत्र शब्द असतो. त्यामुळे तेवढाच संग्रह मराठीला अगदी तोकडा पडतो. शिवाय च व ज यांचे दुहेरी उच्चार लिपीत दाखविले जात नाहीत. ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ व ‘वार्धक्य’ या अर्थाचा ‘जरा’ कानाला वेगळे पण डोळ्याला एकच. ऱ्हस्व-दीर्घाची स्थिती याच्या बरोबर उलट आहे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने आयबीएमच्या तंत्रज्ञानाच्या साहाय्याने ‘श्रुतलेखन-राजभाषा’ ही प्रणाली केली, ती हिंदीसाठी होती. सर्वसामान्य मराठी माणसाच्या हाती हे साधन आले ते ऑगस्ट २०१७ मध्ये, गूगलने मराठीसह आठ भारतीय भाषांचा अंतर्भाव आपल्या सेवेत केला तेव्हा. तेही प्रथम फोनवर. भारत सरकारच्या ‘भाषिणी’ या २०२२ मधील उपक्रमाने व चेन्नई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील ‘एआयफॉरभारत’ या गटाने मराठी ध्वनिमुद्रणांचे संग्रह वाढविले असून त्यांवर आधारलेली काही प्रतिमाने खुली आहेत. व्हिस्परही मराठी लिहिते; परंतु तिला शिकविण्यासाठी वापरलेल्या मुद्रणांत मराठीचा वाटा अत्यल्प होता आणि तो उणेपणा जोडाक्षरांत व विशेषनामांत लगेच जाणवतो. प्रमाण मराठीत वाचलेला उतारा ही सर्वच साधने बऱ्यापैकी उतरवितात. वऱ्हाडी वा मालवणी वळणाने बोलणाऱ्याला मात्र आपली बोली बाजूस ठेवून पुस्तकी मराठीत सांगावे लागते, जसे १९९० मधील ग्राहकाला प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागत असे.