एका वाड्याच्या तीन चुली

1867 साली आगगाडी नागपूरपर्यंत पोचली आणि तिच्या वाटेवरच्या आपल्या नांदुऱ्यात कापसाचा व्यापार वाढला. त्या काळच्या मोठ्या वाड्यांत पंधरा-वीस माणसे एका चुलीवर जेवत. ओसरी, माजघर, परस सगळ्यांचे मिळून असे. पुढे काही मुलगे मुंबई-पुण्याला गेले, उरलेले वेगळे निघाले. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील कुटुंब सरासरी 4.6 माणसांचे भरले. बारा माणसांचे तीन संसार झाले, तर गावात माणूस एकही वाढत नाही; पण चुली तीन, मोऱ्या तीन, नळही तीन! घरांची गरज नुसती डोकी मोजून कशी कळावी? इकडे जुन्या वाड्यात माडीला कुलूप आणि खाली एकटी सासू. तिला हवी असते एकच खोली, जिन्याशिवायची, आणि हाकेच्या अंतरावर शेजारीण.